मशीन नाही, हातानं शिवलेले कपडे टिकतील का?

टिकतात की! आमच्या कोल्हापूरकडं वाकळ, म्हणजे गोधडी, अजून हातानंच शिवतात, साध्या धावदोऱ्यानं, म्हणजे सुई खालीवर करत घातलेल्या सरळ टाक्यांनी. वर्षानुवर्षं आपटून धुतली तरी उसवत नाही.

सुरुवात परकर किंवा झबल्यानं करा, ब्लाउजच्या वाटेला आत्ताच जाऊ नका. कापड सुती घ्या, इचलकरंजीचं पॉपलीन झकास. बेतण्याआधी ते धुऊन वाळवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटेल.

सरळ शिवणीला धावदोरा पुरतो. मुंढा (बाही जोडायची जागा), काख अशा ताणाच्या जागी मात्र उलटी टीप हवी. दोरा जिथून वर आलाय त्याच्या दोन मिलिमीटर मागं सुई खुपसायची आणि त्याच जागेच्या तितकीच पुढं काढायची. टाके एकमेकांना भिडतात, वरून बघणाऱ्याला मशीनचीच टीप वाटते. हे जमलं की इतकं बरं वाटतं, की माणूस उगाच उशीचे अभ्रेही शिवत सुटतो.

दोरा हातभरच घ्या, लांब घेतला की गुंततो. कोल्हापुरात महाद्वार रोडच्या बाजारात सुया घेताना लक्षात ठेवा, नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक.

वेळ भरपूर लागतो, पण लाईट गेली म्हणून काम अडत नाही. काजं करायचा कंटाळा आला तर सरळ नाडी ओवा.