खडूची सही

प्रश्न : १९८४ साली ब्रिटनमधल्या कोळसा कामगारांनी खाणबंदीविरुद्ध वर्षभर संप केला. लाखावर माणसं बाहेर पडूनही ते हरले कसे? पुढारी आर्थर स्कारगिल यांचा हट्ट नडला म्हणतात, ते खरं का?

उत्तर : नडला, पण सगळं खापर त्यावर फोडू नका. देशभर मतदान घेतलं नाही, त्यामुळे नॉटिंगहॅमशायरच्या बहुतेक खाणी चालूच राहिल्या, ही चूक खरीच. वेळही वाईट. २० खाणी बंद करण्याची घोषणा झाली मार्चमध्ये. वीजकेंद्रांत कोळशाचे ढीग, आणि पुढे उन्हाळा. १९७२ आणि १९७४ चे संप हिवाळ्यातले, म्हणून तर सरकारला घाम फुटला होता!

मला विचाराल तर संप हातचा गेला ऑक्टोबरात. मी स्वतः खाणीत सरदार होतो. सरदार म्हणजे पाळी कामाला लागण्याआधी आत जाऊन जागा तपासणारा. दिव्याची ज्योत बारीक करायची आणि दिवा हळूहळू छताकडे न्यायचा. ज्योतीवर निळसर टोपी चढली की समजायचं, गॅस आहे. जागा ठीक असेल तर खडूनं तारीख आणि सही. ती दिसल्याशिवाय कोणी फावड्याला हात लावायचा नाही.

ब्रिटनमध्ये हे काम डेप्युटींचं. त्यांची संघटना वेगळी, नॅकॉड्स. त्यांच्याशिवाय खाण चालवणं कायद्यात बसत नव्हतं. ते बाहेर पडते तर नॉटिंगहॅमशायरही ठप्प झालं असतं. सप्टेंबरात त्यांनी ८२ टक्के मतांनी संपाचा कौल दिला. आणि ऐन तोंडावर, खाण बंद करण्याआधी स्वतंत्र फेरतपासणी होईल एवढ्या आश्वासनावर, संप मागे घेतला. त्या तपासणीचा निकाल खाणी चालवणाऱ्या सरकारी कोळसा मंडळावर बंधनकारकही नव्हता.

पुढे थंडी, रिकामे डबे, एकेकाचं परतणं. ३ मार्च १९८५ ला संप संपला. साऊथ वेल्सच्या मार्डी खाणीत वर्षभर एकही जण फुटला नव्हता; ते बँड वाजवत कामावर गेले. ती खाण १९९० मध्ये बंद झाली.

डेप्युटींना गद्दार म्हणायला मात्र माझी जीभ रेटत नाही. आमच्या संपात गॅस तपासायला आणि पंपांवर लक्ष ठेवायला मी रोज आत जायचो. पाणी भरलं तर संप जिंकूनही परतायला खाण उरत नाही, हे गेटवरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी मी आत शिरताना माझ्याच पाळीतली माणसं तोंड फिरवून उभी राहायची.