गेम घेण्याआधी एवढं बघ

भाऊ, विकत घेतलेला गेमही नेट नसलं की सुरू होत नाही, हा तुझा राग रास्त आहे. मागच्या पावसाळ्यात आमच्या दारव्ह्याकडे टॉवर चार दिवस बंद होता, तर माझा एकट्यानं खेळायचा गेमही सर्व्हरला विचारल्याशिवाय सुरू होईना. घर माझं अन् किल्ली दुसऱ्याच्या खिशात! लय जीव जळला.

सुरुवातीला एवढंच कर:

१. आधी जीओजीवर (GOG) शोध. २००८ पासूनचं हे ऑनलाइन दुकान डीआरएमचं कुलूप (म्हणजे गेम खरंच विकत घेतलाय का हे तपासून मगच तो चालू देणारी सोय) न लावता गेम विकतं. 'विचर ३'सारखा मोठा गेमही तिथं आहे.

२. ऑफलाइन इन्स्टॉलर, म्हणजे नेटशिवाय गेम बसवायची फाइल, उतरवून ठेव. नवखे इथंच चुकतात. खात्यात नाव दिसलं म्हणजे गेम हातात आला असं नाही. तालुक्याला गेलास, चांगलं नेट मिळालं, की उतरव; बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी कर. मग नेट बंद करून एकदा इन्स्टॉल करून बघच, पैसे परत मागायची मुदत संपायच्या आत.

३. स्टीमवरच (गेमचं दुसरं ऑनलाइन दुकान) घ्यायचा असेल तर गेमच्या पानावर बाहेरच्या कंपनीच्या डीआरएमची सूचना असली तर ती वाच. नेटशिवाय खेळायचा ऑफलाइन मोड नेट असतानाच तपासून घे.

सेलमध्ये स्वस्त दिसला म्हणून घाई करू नको. 'द क्रू' या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमचे सर्व्हर मार्च २०२४ अखेर बंद झाले अन् विकत घेतलेल्यांनाही तो एकट्यानं खेळता येईना.

क्रॅकच्या, म्हणजे कुलूप तोडलेल्या चोरट्या गेमच्या, मागं लागू नको, व्हायरस येऊ शकतो. त्यापेक्षा कंपनीला लिही, डीआरएमशिवायची आवृत्ती मागून घे. मीही लिहितो.