माळ्यावरच्या पॅटर्नना गिऱ्हाईक

चि. यास,
अनेक आशीर्वाद.

माळ्यावरचे पॅटर्न कोणाला विकू म्हणून विचारलंस. फोटो पाहिले. तुझ्या आजोबांच्या फौंड्रीच्या माळ्यावर एवढे लाकडी पॅटर्न, म्हणजे वाळूत दाबून ठसा उठवायचा आणि त्या ठशात लोखंड ओतायचं ते नमुने, शाबूत आहेत, हेच नवल. आमच्या कोल्हापुरात, उद्यमनगरात, कित्येकांनी असं सागवान थंडीत बंबात घातलं.

भंगारवाल्याने किलोचा भाव सांगितला, म्हणतोस. त्याला नुसतं लाकूड दिसतं, त्याचा दोष नाही. तू मात्र आधी प्रत्येक नगातून काय ओतलं जायचं ते शोध. गिऱ्हाईक त्यातूनच सापडतं. तिसऱ्या फोटोतलं दातेरी चाक मला उसाच्या चरकाचं वाटतंय. उलटं करून बघ, नंबर किंवा पितळी अक्षरं असतील. ती सुलटीच वाचता येतील. छापखान्याच्या ठशासारखी ती उलटी नसतात, कारण वाळूत उलटी उमटून लोखंडात पुन्हा सुलटी होतात. इंटिरियरवाल्यांना एवढं सांगितलं तरी ते नग हातात घेऊन बसतात.

जुनी इंजिनं दुरुस्त करणारा आला, तर तो स्वतःचा तुटका भाग लावून बघेल आणि माप चुकलंय म्हणेल. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, गार होताना आकसतं, म्हणून पॅटर्न फुटामागे साधारण एक सूत (इंचाचा आठवा भाग) मोठाच करतात, शिवाय मशीनवर तासण्यासाठी वेगळी जाडी ठेवतात, हे त्याला समजावून दे.

पॅटर्नला कुठे विनाकारण बाहेर आलेली मुंडी दिसली, तर ती कोअरची, म्हणजे आतली पोकळी राखणाऱ्या वाळूच्या गाभ्याची, बैठक. म्हणजे तो गाभा घडवायचा साचा, कोअर बॉक्स, जवळपास पडलेला असणार. जोडी लाव, सुतळीने बांध. मी एकदा एक देखणा कोअर बॉक्स एका हॉटेलवाल्याला भिंतीवर लावायला देऊन बसलो. दोन महिन्यांनी एक मिस्त्री तडकलेलं सिलिंडर हेड पोत्यात घालून आला. पॅटर्न माझ्याकडे होता, पण कोअर बॉक्सशिवाय तो त्याच्या काय कामाचा? रिकाम्या हाताने परत गेला बिचारा.

पॉलिश मारू नकोस. जुन्या रंगात शिसं असू शकतं, कोरडा सँडपेपर तर अजिबात नको. ओलसर फडकं पुरे. भोकांखाली ताजी भुकटी पडत असेल तर तो नग बाजूला ठेव, किडा जिवंत आहे.

आणि एक नाजूक गोष्ट. पॅटर्नचे पैसे बऱ्याचदा माल घेणारा कारखाना भरायचा, त्यामुळे मालकीही त्याचीच असायची. जुन्या वह्या चाळ. नाव सापडलं तर विचारून लेखी होकार घे.

मग विक्री. आधी यंत्रवाले, मग आर्किटेक्ट आणि हॉटेलवाले. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी दोन-चार किरकोळ नग घेऊन जा, लोक कशाला हात लावतात ते कळेल. सगळा माल मात्र तिथे ओतू नकोस. परदेशी गिऱ्हाईक भेटलं तर 'अँटिक' हा शब्द जपून वापर. 1972च्या कायद्याने शंभर वर्षांवरच्या पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. नग किती जुना, ते आधी ठरव.

चरकाच्या चाकाचा मागून फोटो पाठव, शेजारी फूटपट्टी ठेवून. तोवर भंगारवाला आला तर चहा पाज, पण माळ्यावर नेऊ नकोस.

तुझा,
काका