वाचकांचे प्रश्न : लॉनमोवरचे इंजिन खरेच गेले आहे का?

प्रश्न : माझ्याकडे मागून ढकलत चालवायचा पेट्रोलवरचा लॉनमोवर सात वर्षांपासून आहे. हंगामात पहिल्यांदा बाहेर काढला तेव्हापासून तो त्रास देतो आहे. दोरी दहा-बारा वेळा ओढावी लागते आणि कधी कधी ती हाताला जोरदार हिसका देऊन परत जाते. सुरू झाल्यावर रेस आपोआप वरखाली होत राहते, सुरुवातीला थोडा निळसर धूर येतो आणि पंधरा-वीस मिनिटांनी, इंजिन चांगले तापल्यावर, ते बंद पडते. गेल्या हंगामात शेवटचे गवत कापताना पाते एका दगडावर आपटले होते, हेही सांगायला हवे. मेकॅनिकने काहीही न उघडता ‘कॉम्प्रेशन गेले आहे, नवे इंजिन बसवा’ असा सल्ला दिला. बसवावे का?

उत्तर : एवढ्यात बसवू नये. आपल्या पत्रात चार वेगवेगळ्या तक्रारी आहेत, आणि त्या सगळ्यांचे मूळ एकच असेल असे धरून चालले की चांगले इंजिनही भंगारात जाते. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण दाबून धरण्याची इंजिनाची क्षमता, गेले असे म्हणायचे तर ते आधी तपासले पाहिजे. हाताला दोरी हलकी लागली, एवढ्यावरून ते ठरत नाही.

दगडाचा उल्लेख आपण शेवटी केला असला, तरी तपासणीची सुरुवात मी तिथूनच करीन, कारण दोरीचा हिसका आणि दगड यांचा जवळचा संबंध असतो. कुठेही हात घालण्याआधी स्पार्क प्लगची वायर काढून प्लगपासून लांब बांधून ठेवावी आणि टाकीतील पेट्रोल काढून घ्यावे. पाते हाताने फिरवले तरी इंजिन फिरते आणि तेवढ्यावर ते सुरू होऊ शकते, म्हणून ही पायरी कितीही घाई असली तरी टाळू नये. यंत्र आडवे करताना कार्ब्युरेटर आणि एअर फिल्टर वरच्या बाजूला येतील असे करावे.

पाते दगडावर आपटून एकदम थांबते तेव्हा क्रँकशाफ्ट, म्हणजे पाते फिरवणारा इंजिनाचा मुख्य दांडा, तोही त्याच क्षणी थांबतो, पण वरचे जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, आपल्या वेगाने पुढे जाऊ पाहते. या दोघांमध्ये एक लहानशी, बहुधा मऊ धातूची चावी असते. फ्लायव्हीलला जागेवर धरून ठेवण्याचे खरे काम शाफ्टचा निमुळता भाग आणि वरचा घट्ट आवळलेला नट करतात. चावी फक्त फ्लायव्हीलची नेमकी जागा ठरवते. ती अर्धवट जरी कापली गेली तरी फ्लायव्हीलवरचे लोहचुंबक ठिणगीसाठी वीज देणाऱ्या कॉइलसमोर वेळेआधी येते आणि ठिणगी लवकर पडते. शाफ्टचा व्यास तिथे २० मिलिमीटर धरला तर परीघ सुमारे ६३ मिलिमीटर होतो. म्हणजे फ्लायव्हील केवळ १ मिलिमीटर सरकले तरी ठिणगी जवळजवळ ६ अंश आधी पडते. पिस्टन अजून वर चढत असताना मिश्रण पेटते, ते पिस्टनला उलटे ढकलते आणि दोरी हातातून हिसकली जाते. फ्लायव्हील पुलरने (ओढून काढण्याच्या हत्याराने) काढावे, हातोड्याने ठोकून नव्हे. चावी काढून नखाने चाचपली तर मधोमध पायरीसारखी कड लागते. डोळ्यांना ती दिसली नाही तरी नखाला कळते. अशी कड लागली तर नवी चावी घालावी. जुनी घासून बसवण्याचा मोह धरू नये.

आता याच दगडाचा दुसरा आणि अधिक गंभीर परिणाम पाहू. पाते काढून, प्लग बाहेर काढून, दोरी अगदी सावकाश ओढावी आणि शाफ्टच्या खालच्या टोकाकडे पाहावे. टोक एका जागी फिरण्याऐवजी छोटे वर्तुळ काढत असेल, तर क्रँकशाफ्ट वाकला आहे. बारीक डोल मोजणारे डायल गेज असेल तर उत्तमच. वाकलेला शाफ्ट ठोकून सरळ करून देणारे लोक भेटतात, पण त्यांच्या वाटेला जाऊ नये. अशा शाफ्टमध्ये बारीक चीर राहू शकते. ५३ सेंटिमीटरचे पाते मिनिटाला ३००० फेरे घेते तेव्हा त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे ८३ मीटर, म्हणजे ताशी ३०० किलोमीटर असतो, आणि ते पाते चालवणाऱ्याच्या पायांपासून हातभर अंतरावर असते. शाफ्ट वाकला असेल तर पुढचे काहीही वाचण्याची गरज नाही. नवा शाफ्ट घालण्याचा खर्च आणि श्रम पाहता इंजिन बदलणेच बहुतेक वेळा शहाणपणाचे ठरते.

शाफ्ट सरळ निघाला असे समजून आपण रेसकडे वळू. रेस आपोआप वरखाली होणे हे मिश्रणात पेट्रोल कमी पडत असल्याचे नेहमीचे लक्षण आहे. हवा जास्त आणि पेट्रोल कमी झाले की वेग पडतो, वेग एकसारखा राखणारा गव्हर्नर थ्रॉटल (मिश्रण सोडणारी झडप) उघडतो, वेग वाढतो, गव्हर्नर तो परत मिटतो, आणि हा खेळ चालू राहतो. याची खात्री करण्याची साधी रीत अशी : इंजिन चालू असताना चोक, म्हणजे हवा कमी करणारी झडप, अर्धा लावावा. त्याने इंजिन शांत, एकसुरात चालू लागले, तर दोष पेट्रोलच्या वाटेत आहे किंवा गॅस्केटजवळून (जोडातील हवाबंद पट्टीजवळून) बाहेरची हवा आत शिरते आहे. यंत्र कित्येक महिने पेट्रोलसह उभे होते, त्यामुळे माझा पहिला संशय जेटवर, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्रावर, जातो. कार्ब्युरेटरची खालची वाटी एका बोल्टवर बसवलेली असते, आणि अनेक इंजिनांत तो बोल्ट हाच मुख्य जेट असतो. वाटी उजेडात धरून तिरकी केली तर तळाशी पाण्याचा थेंब पेट्रोलखाली मण्यासारखा घरंगळताना दिसतो, आणि कडेला पांढरट किंवा हिरवट पूड चिकटलेली असते. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पाणी ओढून घेते; पाणी प्रमाणाबाहेर झाले की इथेनॉल आणि पाणी यांचा थर वेगळा होऊन खाली बसतो, म्हणजे नेमका जिथून जेट पेट्रोल उचलतो तिथेच. बोल्टचे छिद्र दिव्यासमोर धरून पाहावे. आरपार स्वच्छ गोल उजेड दिसला पाहिजे. ते नायलॉनच्या बारीक दोऱ्याने आणि कार्ब्युरेटर क्लीनरने साफ करावे. पोलादी तार घातली तर छिद्र मोठे होते आणि नवीच तक्रार सुरू होते. टाकीतले जुने पेट्रोल परत वापरू नये, आणि एअर फिल्टर व प्लग या निमित्ताने पाहून घ्यावेत.

तापल्यावर बंद पडण्याची मुख्य कारणे तीन. बंद पडताच टाकीचे झाकण सैल करावे. हवा आत जाताना सूं असा आवाज आला आणि इंजिन लगेच सुरू झाले, तर झाकणातले हवेचे छिद्र बुजले आहे. तसे झाले नाही, तर त्याच क्षणी, इंजिन गार होण्याआधी, ठिणगी तपासावी. त्यासाठी स्पार्क टेस्टर वापरावा. नुसती वायर हातात धरून पाहू नये. थंड असताना ठिणगी चांगली आणि गरम झाल्यावर गायब, असे असेल तर कॉइल बदलावी लागेल. तिसरे कारण व्हॉल्व्हच्या (सिलिंडरच्या झडपांच्या) क्लिअरन्सचे, म्हणजे झडपेच्या टोकाशी ठेवलेल्या बारीक फटीचे. ते कमी झाले असेल तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन खरोखरच सुटते. पण ते फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी), आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेतील आकड्यानुसार, दुरुस्त होते. इंजिनाच्या सिलिंडरभोवतीच्या पातळ कड्यांमध्ये (फिन्समध्ये) वाळलेले गवत ठासून बसलेले असेल तर तेही काढावे, कारण या इंजिनाला थंड ठेवणारी हवा तिथूनच वाहते.

सुरुवातीच्या निळ्या धुराने घाबरू नये. ऑइल खुणेच्या वर भरले असेल किंवा यंत्र चुकीच्या बाजूला आडवे केले असेल, तर तो येतोच. धूर काम चालू असतानाही सतत येत असेल आणि प्रत्येक वेळी ऑइल घालावे लागत असेल, तर मात्र पिस्टनवरच्या रिंगचा किंवा व्हॉल्व्ह गाइडचा (व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीत सरकते तिचा) विचार करावा लागतो.

राहिले कॉम्प्रेशन. अशा बऱ्याच इंजिनांत दोरी सहज ओढता यावी म्हणून कमी वेगात एक व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवणारी योजना असते. त्यामुळे चांगल्या इंजिनाचाही गेजवरचा आकडा कमी येतो. म्हणून पिस्टन वरच्या टोकाला आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना प्लगच्या छिद्रातून हवा भरून गळती ऐकण्याची लीक-डाउन चाचणी मला अधिक भरवशाची वाटते. हवा सायलेन्सरमधून निघत असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमधून निघत असेल तर इनटेक व्हॉल्व्ह, हेडच्या (सिलिंडरच्या वरच्या झाकणाच्या) कडेने निघत असेल तर गॅस्केट, आणि ऑइलच्या तोंडातून जोरात निघत असेल तर रिंग किंवा सिलिंडर. हवेच्या दाबाने शाफ्ट फिरतो, म्हणून ही चाचणी पाते काढूनच करावी. पहिली तीन कामे दुरुस्तीने भागतात. चौथे निघाले आणि ऑइलमध्ये ॲल्युमिनियमची चमकही दिसली, तर मेकॅनिकचा सल्ला मान्य करावा.

प्रश्न : इंजिन बदलायचे ठरले आहे. थोड्या जास्त ताकदीचे बसवले तर चालेल का? आणि जुळणी कशाची पाहावी?

उत्तर : जास्त ताकदीपेक्षा मापे जुळणे महत्त्वाचे आहे. शाफ्ट उभा हवा. त्याचा व्यास, बसणीच्या पृष्ठभागापासून टोकापर्यंतची लांबी, चावीची खाच, टोकाच्या बोल्टचा आटा आणि डेकवरच्या (पात्याला झाकणाऱ्या सांगाड्यावरच्या) छिद्रांचे अंतर ही सगळी मापे जुन्या इंजिनावरून घ्यावीत. २२.२ आणि २५.४ मिलिमीटर हे दोन्ही व्यास प्रचलित आहेत, आणि एकाचा पाते-अडॅप्टर दुसऱ्याला बसत नाही. यंत्र स्वतः पुढे चालणारे असेल तर पात्याच्या वर पट्ट्याची पुली असते आणि शाफ्ट त्या मानाने लांब लागतो. सायलेन्सरचे तोंड कुठे येते तेही पाहावे; ते डेकच्या प्लास्टिकच्या भागाकडे नसावे.

मोठ्या इंजिनाच्या वजनाने पातळ पत्र्याच्या डेकला बसणीजवळ चिरा पडू शकतात, म्हणून मूळ इंजिनाच्या आसपासचेच घ्यावे. गव्हर्नरची स्प्रिंग ओढून वेग वाढवू नये. पात्याचा वेग यंत्र बनवणाऱ्याने ठरवलेला असतो. हँडलवरचा दांडा सोडताच इंजिन थांबवणारी ब्रेकची केबल नव्या इंजिनाला जोडली गेलीच पाहिजे. ती बसत नसेल तर ते इंजिन आपल्या यंत्रासाठी नाही, असे समजावे.

नवे इंजिन बहुधा ऑइलशिवाय येते. या लहान इंजिनांत कनेक्टिंग रॉड अनेकदा वेगळ्या बेअरिंगशिवाय थेट क्रँकवर फिरतो, त्यामुळे ऑइल न भरता एक-दोन मिनिटे चालवले तरी नवे इंजिन जाते. पुस्तिकेत सांगितलेले ऑइल खुणेपर्यंत भरून मगच दोरी ओढावी, आणि पहिले ऑइल लवकर बदलावे. कित्येक उत्पादक त्यासाठी ५ तासांची मुदत देतात. पाते परत बसवताना ते मधल्या छिद्रात खिळ्यावर टांगून पाहावे. एक बाजू खाली झुकत असेल तर त्या बाजूची कड घासून पाते समतोल करावे, आणि बोल्ट टॉर्क पान्याने पुस्तिकेतील आकड्याइतका आवळावा.