फोडलेल्या पाकिटाचं वजन कोण मानणार?

प्रश्न: ५०० ग्रॅम छापलेल्या खाद्यपदार्थाची एकाच कंपनीची चार पाकिटं घेतली. घरी फोडून तोलली, तर ४८२ ते ४९१ ग्रॅमच भरली. कंपनी म्हणते, ‘पाकिटं बदलून देतो, विषय मिटवा.’ काय करू?

उत्तर: पाकिटं खुशाल बदलून घ्या, पण ‘माझी तक्रार राहिलेली नाही’ असं लिहून देऊ नका. अडचण वेगळीच आहे. तुम्ही पाकिटं फोडलीत. आता त्यातलं काही सांडलं नव्हतं हे सिद्ध करणं कठीण, आणि घरच्या काट्यावर पडताळणीचा शिक्काही नसतो.

म्हणून त्याच बॅचची आणखी दोन-तीन पाकिटं पक्क्या बिलावर घ्या आणि न फोडता तोला. छापलेलं वजन निव्वळ मालाचं असतं, वेष्टन त्यात धरत नाहीत. वेष्टनासकटही काटा ५०० च्या खाली राहिला, तर वेगळं सांगायला नको.

आवेष्टित वस्तू नियम, २०११ प्रमाणे ५०० ग्रॅमच्या पाकिटात १५ ग्रॅमपर्यंतची तफावत चालते. तुमचं ४८२ चं पाकीट जेमतेम ३ ग्रॅमने त्याबाहेर जातं, ४९१ चं आतच आहे. कंपनीचा वकील नेमकं इथे बोट ठेवेल (त्यांचं वकीलपत्र माझ्याकडे असतं तर मीही ठेवलं असतं). पण ही सूट भरताना होणाऱ्या चुकीसाठी आहे, दर पाकिटामागे ९ ग्रॅम वाचवायला नव्हे. तपासलेल्या नमुन्यांची सरासरी छापील वजनाइतकी भरावीच लागते. तुमच्या चारांपैकी एकही पाकीट ५०० च्या वर नाही. तक्रारीची सुरुवात याच वाक्याने करा.

ती वैधमापन शास्त्र, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या वजनमापे कार्यालयात द्या. बॅच क्रमांक, महिना आणि पॅकरचा पत्ता लिहा. निरीक्षक थेट पॅकरकडे जाऊन नमुने तपासू शकतो. सील शाबूत असेल तर दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नाही.

तिथला दंड सरकारजमा होतो. स्वतःला भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. मुदत २ वर्षं. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात अर्ज चालतो, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि वकीलही लागत नाही. आयोग नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो, तेव्हा एक सीलबंद पाकीट घरातल्या कुणाच्या हाती लागणार नाही असं ठेवा.