बशीतला चहा लवकर का निवतो?

प्रश्न : सासूबाई चहा बशीत ओतून फुरके मारत पितात आणि कॉलेजला जाणारी मुलगी त्यांना म्हणते, आजी कपातच चमचा फिरव नाहीतर पंख्याखाली ठेव, तेवढाच लवकर थंड होतो. यात कोणाचं खरं?

उत्तर : ताई, आजींचं खरं, आणि थोड्याथोडक्या फरकाने नाही. उष्णता चहातून बऱ्याच वाटांनी बाहेर पडते, कपाच्या अंगातून जाते, वरच्या हवेला लागून जाते, थोडी किरणांनीही जाते, पण चहा कडक गरम असतो तोपर्यंत सगळ्यात मोठं काम वाफ करते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण २३०० ज्यूल उष्णता लागते आणि ती मागे राहिलेल्या चहातूनच काढून घेतली जाते. हिशोब करा, १०० ग्रॅम चहातला फक्त एक ग्रॅम उडून गेला तरी बाकीचा साडेपाच अंशांनी खाली येतो! आणि एक ग्रॅम म्हणजे वीसेक थेंब, कपात कमी झालेलं कळतसुद्धा नाही.

आता वाफ निघते ती वरच्या उघड्या भागातून. कपाचं तोंड ७ सेंटिमीटर आणि बशीतल्या चहाची रुंदी १२ सेंटिमीटर धरली तर उघडा भाग जवळजवळ तिप्पट होतो, वर एका वेळी बशीत अर्धाच कप मावतो म्हणजे तेवढ्या चहामागे सहापट झाला की. शिवाय बशी गार असते. चिनीमातीची दीडशे ग्रॅमची बशी आणि त्यात ५० मिली चहा असेल तर बशी एकटीच त्याला वीसेक अंशांनी खाली ओढू शकते, वाफेचं काम वेगळंच. आणि फुरका मारताना चहाबरोबर हवा आत ओढली जाते, तिथे अजून थोडा निवतो. जुन्या माणसांची ही पद्धत मला फार आवडते, घाईच्या वेळी याच्याहून चांगला उपाय घरात नाही, मुलीलाही करून बघायला सांगा.

पंख्याचं मात्र मुलीचंही बरोबर आहे. चहावर वाफेचा जो थर साचतो तो वाऱ्याने किंवा फुंकरीने बाजूला गेला की खालून नवी वाफ भराभर निघते. चमच्याने फार फरक पडत नाही कारण वरचा निवलेला चहा आपोआप खाली जातो आणि गरम वर येतो, पण साय धरली असेल तर जरूर फिरवा, सायीने वाफेची वाटच अडते.

कोकणातले वाचक विचारतील की पावसाळ्यात हवा इतकी दमट, मग फुंकर चालेल का? चालते. माठातलं पाणी पावसाळ्यात गार होत नाही हे खरं, कारण तिथे पाणी आणि हवा जवळपास एकाच तापमानाला असतात. ८० अंशाच्या चहाच्या वाफेचा दाब मात्र भर पावसातल्या हवेतल्या बाष्पाच्या दहापटीहून जास्त असतो, त्यामुळे दमटपणाने त्याचं फारसं काही अडत नाही.

एक कळकळीने सांगते, आजींना आणि घरातल्या लहानांना उकळता चहा घाईने पिऊ देऊ नका. डब्ल्यूएचओच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंशांच्या वरची गरम पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाचं संभाव्य कारण म्हणून नोंदवली आहेत.

प्रश्न : जाड मगात चहा जास्त वेळ गरम राहतो म्हणतात, पण माझा तर ओतल्या ओतल्या कोमट होतो. असं का?

उत्तर : कारण मग स्वतःच तापायला उष्णता घेतो. तीनशे ग्रॅमचा गार मग आणि त्यात दीडशे मिली चहा ९० अंशांचा, तर दोघं सारखे होईपर्यंत चहा सत्तरच्या आसपास आलेला असतो. स्टीलचा पातळ ग्लास दोन-तीन अंशच खातो, फक्त ओठ भाजतात. मग आधी गरम पाण्याने विसळून घ्या आणि वर झाकण ठेवा, एवढं पुरतं.

प्रश्न : कॉफी ओतली आणि तेवढ्यात फोन आला. गार दूध आधी घालून जाऊ की आल्यावर घालू?

उत्तर : परत येऊन गरम प्यायची असेल तर आधी घाला. वस्तू आणि हवा यांच्या तापमानात जेवढा फरक जास्त तेवढी ती भराभर निवते, न्यूटनने १७०१ मध्ये मांडलेला नियम हाच. दूध आधी घातलं की कॉफीचं तापमान लगेच उतरतं, मग पुढे ती सावकाश निवते, आणि वाफही कमी जाते. लगेच प्यायची घाई असेल तर उलट करा, काळी कॉफी आधी उघडी ठेवून निवू द्या आणि दूध शेवटी घाला.