काही झालं तर कोण येणार?

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही चौघं मित्र, सगळे कोलशेत-मानपाड्याचे, वय २८-३०. गेल्या वर्षी अंदमानात हॅवलॉकला जाऊन ओपन वॉटर कोर्स, म्हणजे स्कूबाचा पहिला कोर्स, केला आणि तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय की आता गर्दी नसलेल्या ठिकाणी डाइव्ह मारायची. लक्षद्वीपमधलं कडमत बेट ठरवलंय. फेब्रुवारीत दोन वीकेंड धरून नऊ दिवस सुट्टी जमतेय. पण प्लॅनिंग कुठून सुरू करायचं तेच कळत नाही, आणि घरी आईचं एकच पालुपद, "तिकडे काही झालं तर कोण येणार?" तिला काय सांगू?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आईला काही सांगू नकोस, तिचा प्रश्न कागदावर मोठ्या अक्षरात लिही आणि प्लॅनिंग तिथूनच सुरू कर. चेष्टा नाही करत. लोक आधी डाइव्ह साइट बघतात, मग रूम, मग तिकीट, आणि परतीचं "बघू नंतर". लांबच्या बेटाचं मात्र परतीपासून उलटं मोजत यावं लागतं.

पाण्याखाली कडमत तसं अवघड नाही. लगून, म्हणजे कोरलच्या कड्याने अडवलेलं उथळ पाणी, शांत आणि कोमट, आणि तुमच्या कार्डावर १८ मीटरपर्यंत उतरायची मुभा आहे तेवढ्यात बघण्यासारखं भरपूर आहे. अवघड आहे ते पाण्याबाहेरचं. बेट लांबुळकं, सुरीच्या पात्यासारखं, जास्तीत जास्त रुंद जागीसुद्धा अर्धा किलोमीटरच्या आसपास, आणि कोचीहून चारशे किलोमीटर समुद्रात. लक्षद्वीपची राजधानी कवरत्तीला हॉस्पिटल आहे, सीरियस पेशंटला हेलिकॉप्टरने कोचीला नेतात, पण ते हवामान बरं असलं तर. तुला बेंड्स झाले, म्हणजे खोल पाण्यात शरीरात मुरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन वर आल्यावर सांधे दुखायला लागले, हातापायाला मुंग्या आल्या, तर लागतो रीकॉम्प्रेशन चेंबर, म्हणजे हवेचा दाब वाढवून उपचार करायची बंद खोली, आणि मी बेटावर जाते तेव्हा चेंबर म्हणजे मेनलँड असंच धरून चालते. म्हणून डाइव्ह सेंटरला पहिला फोन कराल तेव्हा मासे कुठले दिसतात हे विचारू नका, मासे दिसतातच. विचारा की बोटीवर ऑक्सिजनचा सिलिंडर असतो का, किती वेळ पुरतो आणि तो लावता येणारा माणूस रोज बोटीवर असतो का. उत्तर द्यायला जो का-कू करेल त्याला थँक्यू म्हणून फोन ठेवायचा.

आता कॅलेंडर. कोर्समध्ये शिकलायस की एकच डाइव्ह केली असेल तर विमानाआधी निदान १२ तास आणि रोज-रोज केल्या असतील तर निदान १८ तास थांबायचं. कारण विमानाच्या केबिनमधली हवा २४०० मीटर उंचीवरच्याइतकी विरळ होऊ शकते, कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे कळसूबाईच्याही डोक्यावर जाऊन बसल्यासारखं. ते १८ तास तुम्ही पाळालच, पण मधे बोट आहे हे विसरू नका. विमान उतरतं अगत्तीला, रनवे जेमतेम १२०० मीटरचा त्यामुळे छोटं एटीआर विमान, आणि अगत्ती ते कडमत पुन्हा बोट. समुद्र खवळला की ती बोट सुटत नाही, सुटली नाही की विमान गेलं. म्हणून परतीच्या फ्लाइटच्या आदल्या दिवशीच अगत्ती गाठा आणि त्या दिवशी डाइव्ह नाही, कितीही मन झालं तरी. शनिवारी ठाणे सोडलं, रविवारी अगत्तीवरून बेटावर, सोमवार ते गुरुवार डाइव्ह, शुक्रवारी अगत्ती, शनिवारी कोची, रविवार राखीव. नऊ दिवसांत डाइव्हचे दिवस चार! चिडू नकोस, हिशोब असाच आहे, आणि बोट किंवा विमान चुकून राखीव रविवार खर्ची पडला नाही तर कोचीत अप्पम खा.

एक जुगाड मला फार आवडतो. जाताना विमान, येताना जहाज. कडमतहून कोचीला यायला जहाजाला १४ ते १८ तास लागतात, म्हणजे नायट्रोजन शरीरातून बाहेर पडायला जो वेळ द्यायचा तो तुम्ही बर्थवर झोपून देता आणि कोचीला उतरेपर्यंत बहुतेक १८ तास भरतात. पण ही जहाजं रोज नसतात, त्यांचं शेड्यूल बघून मगच डाइव्हचे दिवस ठरवा. आणि हे लक्षात ठेवा की ते जहाज म्हणजे बेटवाल्यांची एसटी आहे, दवाखान्याला, कॉलेजला जाणारी माणसं त्यातूनच जातात, त्यामुळे तिकीट नाही मिळालं तर आरडाओरडा करू नका.

हाच उंचीचा मुद्दा घराजवळही लागू पडतो म्हणून जाता जाता सांगते. तारकर्लीला सकाळी डाइव्ह मारून दुपारी आंबोली घाटाने कोल्हापूरला मिसळ खायला जाणारे बरेच आहेत, आंबोली ६९० मीटर, शरीराच्या दृष्टीने तेही वर चढणंच की. सरळ कोकण रेल्वेने ठाण्याला या.

तारकर्लीचं नाव निघालंच तर, कडमतच्या आधी तुम्ही चौघांनी तिथे एक वीकेंड घालवाच. एमटीडीसीची स्कूबा संस्था आहे, ट्रेनिंगचा टँक आहे, वर्षभराच्या गॅपनंतर रिफ्रेशर करायला उत्तम जागा. पाणी दिसायला कडमतसारखं निळंशार नाही, पण तेच बरं, गढूळ पाण्यात ज्याला तरंगत एका जागी राहता येतं त्याचे फिन, म्हणजे पायातली वल्ही, कोरलला लागत नाहीत. अजून धीर असेल तर मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बेट करा, मत्स्यगंधा एक्सप्रेस ठाण्याहून पकडायची आणि थेट मुरुडेश्वरला उतरायचं.

परमिटचं आत्ताच बघा. लक्षद्वीपला भारतीय माणसालाही एंट्री परमिट लागतं, १९६७ च्या नियमांपासून तसंच आहे. कागदपत्रं काय लागतील ते बदलत असतं, ज्यांच्याकडे राहणार त्यांनाच लेखी विचारा आणि परमिट हातात येईपर्यंत नॉन-रिफंडेबल तिकीट काढू नका.

सामानात स्वतःचा मास्क, डाइव्ह कॉम्प्युटर आणि त्याची एक्स्ट्रा बॅटरी, मास्कचा नि फिनचा जादा पट्टा, टाकीच्या जोडाला लागणाऱ्या चार ओ-रिंग (रबरी चकत्या), बाकी जड सगळं तिथे भाड्याने घ्या, छोट्या विमानात वजन मोजून घेतात. चष्मा असेल तर नंबरचा मास्क इथेच करून घे. आणि सर्दी झाली तर डाइव्ह नाही म्हणजे नाही. मी एकदा "एवढ्या लांब आलेय तर" म्हणून नाक मोकळं करायची गोळी घेऊन उतरले, खाली जाताना कान छान उघडले, वर येताना गोळीचा असर संपला आणि सहा मीटरवर कानात अडकलेली हवा बाहेर पडेना. टाकीत हवा कमी होत चाललेली, वर जावं तर कानात सुरी. कशीबशी इंच-इंच वर आले आणि पुढचे तीन दिवस किनाऱ्यावर शहाळी पीत बसले. सर्दी झाल्या दिवशीच ऐकलं असतं तर एकच दिवस गेला असता.

कोरल बघताना मात्र मनाची तयारी ठेवा. १९९८, २०१०, २०१६ आणि परत २०२४, समुद्र तापला की लक्षद्वीपचं कोरल पांढरं पडलंय आणि बरंच मेलंय. काही ठिकाणी परत येतंय, काही ठिकाणी नुसते सांगाडे आहेत. मेलेला तुकडासुद्धा खिशात घालू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. आणि दारू बंगारम बेट सोडून बाकी बेटांवर बंद आहे, चौघांनाही आत्ताच सांगून ठेव, नंतर तोंडं वाकडी नकोत.

हो, आणि विमा. नेहमीच्या पॉलिसीत ॲडव्हेंचर स्पोर्ट बऱ्याचदा वगळलेला असतो, ते कलम वाचा. डाइव्हर्स अलर्ट नेटवर्क, म्हणजे डॅन, यांचं खास डायव्हरांसाठीचं कव्हर असतं. त्यांचा इमर्जन्सी नंबर, डाइव्ह सेंटरचा नंबर आणि तुझं तारखांचं शेड्यूल एका कागदावर लिहून आईच्या फ्रीजवर लाव.

प्रश्न : माझं वय ५२, बीपीची रोज एक गोळी चालू आहे, पोहता येत नाही. मुलं म्हणतात लक्षद्वीपला आमच्याबरोबर स्कूबा कर. जमेल का?
– एक वाचिका, वाशी

उत्तर : जमू शकतं, पण बोटीवर बसून फॉर्म भरायचा नाही, वाशीत भरायचा. सेंटरकडून मेडिकल फॉर्म ई-मेलने मागवा आणि तुमच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. पंचेचाळिशीनंतर फॉर्ममध्ये हृदयाबद्दल जास्त प्रश्न येतात आणि ते उगीच नाहीत, पाण्यात उतरलं की पायातलं रक्त छातीकडे सरकतं आणि हृदयाला काम वाढतं. (डाइव्हमध्ये सारखी लघवीला लागते तीही त्यामुळेच, लाजायचं कारण नाही.) डॉक्टर म्हणाले ट्रेडमिल टेस्ट करा तर करा. सही न घेता गेलात तर तिथला प्रामाणिक इन्स्ट्रक्टर तुम्हाला नाही म्हणेल आणि अप्रामाणिक हो म्हणेल, दोन्ही तोट्याचंच.

पोहता न येण्याचं टेन्शन कोर्सला असतं, तिथे २०० मीटर पोहून आणि १० मिनिटं तरंगून दाखवावं लागतं. नवशिक्यांच्या डेमो डाइव्हला ते लागत नाही, इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरूनच असतो. तरी दोन महिने पोहायला जाच, तोंड पाण्यात घालून श्वास सोडायची भीती गेली की अर्धं काम झालं. मला तुमची काळजी डाइव्हपेक्षा जहाजाची वाटते. बऱ्याच बेटांवर जहाज बाहेर समुद्रातच थांबतं आणि दारातून डुगडुगणाऱ्या छोट्या बोटीत उतरावं लागतं. खलाशी हात देतात, तो घट्ट धरा आणि साडी नको, सलवार किंवा पँट घाला.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी. बेटावर खायचे हाल होतील का?
– एक वाचक, कळवा

उत्तर : भात, नारळ, डाळ, पराठा मिळतो, बुकिंग करतानाच सांगून ठेवा. भाजी जहाजाने येते, जहाज उशिरा आलं की भाजीही उशिरा. टूना बाकी कायम असतो, तो तुमच्या वाटणीचा मला पाठवा. मेतकूट आणि लसणाची चटणी घेऊन जा.